दिवसाला नव्याण्णव हजार गाणी आणि उंब्रजची तीस माणसं

सातारा जिल्ह्यातल्या उंब्रजहून कृष्णेच्या काठानं कराड ओलांडून वाळवा तालुक्यात उतरलं की रेठरे हरणाक्ष लागतं. हे पठ्ठे बापूरावांचं गाव. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हा ब्राह्मणाचा मुलगा घरदार सोडून तमाशाच्या फडात उभा राहिला आणि १९४५ मध्ये डोळे मिटेपर्यंत लावणीचाच राहिला. बापूरावांनी दोन लाख लावण्या रचल्या, असं जुनी माणसं सांगत आली आहेत. हिशेब मांडला तर पन्नास वर्षं, एका दिवसाचाही खाडा न करता, रोज अकरा लावण्या होतात. त्यामुळे हा आकडा कुणी शब्दशः घेत नाही. एका माणसाच्या प्रतिभेचा आवाका सांगायला आपल्या लोकांना याहून मोठी संख्या सुचली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आज जगात दोन लाख नवी गाणी यायला दोन दिवस लागतात.

ही अतिशयोक्ती नाही. संगीताच्या व्यवसायाची आकडेवारी ठेवणाऱ्या ल्युमिनेट या अमेरिकी संस्थेच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये स्ट्रीमिंगवर रोज सरासरी ९९ हजार नवी ध्वनिमुद्रणं चढत होती. आदल्या वर्षी हाच आकडा १ लाख ३ हजारांच्या वर होता. त्यात लग्नातल्या हळदीची गाणी आली, ब्राझीलचं फंक आलं, कुणी झोपेसाठी ध्वनिमुद्रित केलेला पावसाचा आवाज आला आणि सातारा-सांगलीच्या एखाद्या पोरानं घरातल्या खोलीत म्हटलेलं रॅपही आलं.

एक गाणं तीन मिनिटांचं धरू. तीन मिनिटांची ही सवय गाण्याला ग्रामोफोननं लावली. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जान ध्वनिमुद्रणासाठी उभी राहिली, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावत होतं. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनाही तासाभराचा राग त्याच मापात बसवावा लागला. तबकडी गेली, माप राहिलं. तर ९९ हजार गाणी गुणिले तीन मिनिटं म्हणजे ४,९५० तास, म्हणजेच २०६ दिवस. एका दिवसात आलेली नवी गाणी ऐकायला कुणी गुढीपाडव्याच्या सकाळी बसलं आणि झोपलंच नाही, जेवायलाही उठलं नाही, तर त्याचं शेवटचं गाणं दिवाळीच्या पाडव्याला संपेल. चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून कार्तिक शुद्ध प्रतिपदेपर्यंत सात चांद्रमास, साधारण २०६ दिवसच होतात. अधिक मास मध्ये आला नाही, तर हिशेब तिथीला तिथी जुळतो. आणि तोवर आणखी २०६ दिवसांची गाणी दाराशी उभी असतील.

साठलेल्या गाण्यांचा ढीग याहून प्रचंड आहे. २०२४ च्या अखेरीस ल्युमिनेटच्या मोजणीत २० कोटी २० लाख ध्वनिमुद्रणं होती. तीच तीन मिनिटं धरली, तर सलग ऐकायला साडेअकराशे वर्षं लागतात. आज संपवायचं असेल, तर राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष गादीवर असताना ऐकायला सुरुवात करायला हवी होती.

चित्रफितींचा पसारा आणखी वेगळा. यूट्यूबवर दर मिनिटाला ५०० तासांहून अधिक चित्रण चढतं, असं ती कंपनी गेली काही वर्षं सांगते आहे. एका दिवसाचे ७ लाख २० हजार तास झाले. तीस हजार दिवस. ब्याऐंशी वर्षं. माणसाचं अख्खं आयुष्य रोज तिथं जमा होतं. यूट्यूबचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा, प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभ्या राहिलेल्या एका तरुणाचा, जेमतेम १९ सेकंदांचा. नऊ वर्षांनी, २०१४ च्या डिसेंबरात, कोरियाच्या साय या गायकाच्या 'गंगनम स्टाइल'नं यूट्यूबचं मोजणीयंत्रच अपुरं पाडलं. तोवरची मोजणी २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच जाऊ शकत होती, कारण संगणकातली तेवढीच जागा तिला दिलेली होती. मग जागा दुप्पट केली आणि मर्यादा गेली ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ वर. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त दिलेल्या संख्यांच्या नावांत शेवटचं नाव परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. यूट्यूबची नवी मर्यादा अशा ९२ परार्धांची आहे. पुढे 'बेबी शार्क' या मुलांच्या गाण्यानं दीड हजार कोटींचा पल्लाही ओलांडला, तरी त्या मर्यादेच्या पायथ्याशीसुद्धा ते पोचलेलं नाही.

हे सगळे आकडे शिखराचे. मला खरे हलवून सोडतात ते तळाचे आकडे.

त्या २० कोटी २० लाख ध्वनिमुद्रणांपैकी १७ कोटी ५५ लाख ध्वनिमुद्रणं २०२४ च्या पूर्ण वर्षात हजार किंवा त्याहून कमी वेळा वाजली. शंभरातली सत्त्याऐंशी. त्यांपैकी ९ कोटी ३२ लाख तर दहा किंवा त्याहून कमी वेळा. आदल्या वर्षाच्या मोजणीत ४ कोटी ५६ लाख ध्वनिमुद्रणं अशी निघाली, जी वर्षभरात जगात कुठंही, कुणीही, एकदाही लावली नाहीत. गाणाऱ्यानं स्वतःसुद्धा नाही. २०१३ मध्ये स्पॉटिफायनं सांगितलं होतं की आपल्या दोन कोटी गाण्यांपैकी ऐंशी टक्के निदान एकदा तरी वाजली आहेत. तेव्हा काही अमेरिकी मंडळींनी उरलेल्या चाळीस लाखांकडे पाहिलं आणि 'फर्गॉटिफाय' नावाची सोय काढली. तिथं फक्त शून्य वेळा वाजलेली गाणी लागत. तुम्ही ऐकलं की ते गाणं यादीतून गळायचं, कारण आता ते शून्यावर राहिलेलं नसायचं. मला ही कल्पना फार मोलाची वाटते.

शून्यावरचं गाणं म्हणजे काय, हे जवळून पाहायला हवं. समजा, उंब्रजमधल्या एखाद्या पोरानं ते केलं आहे. महामार्गावरच्या गाड्यांचा आवाज आत येतो, म्हणून ध्वनिमुद्रण रात्री उशिरा. खिडकीला गोधडी, भिंतीला उभी केलेली गादी, म्हणजे आवाज घुमत नाही. माइकसमोर आईच्या भरतकामाची रिंग आणि तिच्यावर ताणून बसवलेला पातळ पायमोजा, कारण 'प' आणि 'भ' म्हणताना तोंडातून सुटणारा हवेचा झोत माइकवर आदळला की फटकन आवाज येतो. हलगीचा ठेका मित्रानं मोबाइलवर टिपून दिलेला. चित्रीकरण पावसाळ्यात, चाफळमार्गे सडावाघापूरच्या पठारावर, जिथं दरीत पडणारं पाणी वाऱ्यानं उलटं वर उडतं. मग गाण्याची फाइल, तीन हजार गुणिले तीन हजार बिंदूंचं चौकोनी मुखपृष्ठ, गीतकार-संगीतकारांची नावं, हे सगळं एका वितरकाच्या हाती. तिथं गाण्याला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक मिळतो. काही दिवसांनी ते गाणं जगातल्या सगळ्या मोठ्या सेवांवर एकाच वेळी दिसू लागतं, टेलर स्विफ्टच्या गाण्याला मिळते त्याच आकाराच्या चौकटीत.

पूर्वी हे अशक्यच होतं. तबकडी कंपनीच्या दारातून आत जावं लागे. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झालं आणि या भागातल्या शाहिरांना, भजनी मंडळांना, कीर्तनकारांना आवाज मिळाला. पण तिथंही आधी चाचणी, मग श्रेणी, मग तारीख. दार अरुंद होतं, मात्र आत गेलेल्याला श्रोता हमखास होता, कारण घरोघर एकच केंद्र लागलेलं असे. आज दार सताड उघडं आहे आणि आतल्या मैदानाला अंत नाही.

गाणी सुचवणारी यंत्रणा मदत करते ना, असं कुणी विचारील. करते. स्पॉटिफायची दर सोमवारची शोध-यादी तीस गाण्यांची असते. वर्षाला १,५६० गाणी झाली. वर्षभरात नवी गाणी येतात साडेतीन कोटींच्या वर. यादीतलं प्रत्येक गाणं त्याच वर्षीचं नवं निघालं, तरी दर २३ हजार गाण्यांमागे एक तुमच्यापर्यंत येतं. शिवाय ही यंत्रणा शिकते ती आधीच्या ऐकण्यावरून. कुणी काय ऐकलं, कुठं सोडलं, पुन्हा कधी लावलं, यावरून ती अंदाज बांधते. जे कुणीच ऐकलेलं नाही, त्याबद्दल तिच्यापाशी जवळजवळ काहीच नसतं. पहिले काही श्रोते माणसांनीच जमवावे लागतात.

त्यात आता यंत्रानं केलेली गाणी आली आहेत. फ्रान्सच्या डीझर या सेवेनं सांगितलं की जानेवारी २०२५ मध्ये तिच्याकडे रोज १० हजार गाणी पूर्णपणे कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेली येत होती. नोव्हेंबरपर्यंत हा आकडा ५० हजारांवर गेला, रोज येणाऱ्या गाण्यांच्या एक तृतीयांशाहून जास्त. सडावाघापूरच्या वाऱ्यात घसा फाटेपर्यंत गायलेलं गाणं आणि बटण दाबून निघालेलं गाणं एकाच रांगेत उभी आहेत.

या प्रचंड पसाऱ्यात माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची संख्या एक हजार ही आहे. २०२४ पासून स्पॉटिफायनं नियम केला: मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं हजार वेळा वाजलं नसेल, तर त्याला मानधनाच्या हिशेबात धरायचं नाही. वाजलं असं मानायला निदान तीस सेकंद ऐकावं लागतं. कंपनीचं म्हणणं असं की हजाराच्या खालच्या गाण्याला महिन्याला सरासरी तीन सेंट मिळत, म्हणजे आपले दोन-अडीच रुपये, आणि ते बहुतेक वेळा कलाकारापर्यंत पोचतच नसत. पैसे नगण्य आहेत हे खरं. पण आपल्या गाण्याचा हिशेबच होत नाही, हे नव्या कलाकाराला अडीच रुपयांपेक्षा जास्त लागतं. माझ्या दृष्टीनं हा नियम चुकीचा आहे.

तरीही हा हजार किती लहान आहे ते पाहा. वर्षाचे हजार म्हणजे दिवसाचे तीनही नाहीत. तीस माणसांनी एक गाणं महिन्यातून तीन वेळा ऐकलं, तर वर्षाला १,०८० होतात. वेगवेगळे श्रोते किमान किती हवेत याचीही एक अट आहे. तो आकडा कंपनी जाहीर करत नसली, तरी एकट्या भावानं रात्रभर लावून ठेवून काम होत नाही. पण तीस माणसं! उंब्रजच्या एखाद्या गल्लीत, एखाद्या गणेश मंडळात, दहावीच्या एका तुकडीत तीस माणसं निघतात. जगातल्या सत्त्याऐंशी टक्के गाण्यांना जे जमलेलं नाही, ते एका गल्लीला जमण्यासारखं आहे. एवढ्या अवाढव्य आकड्यांमधून हाती लागलेली मला सर्वांत आश्चर्याची गोष्ट हीच.

गाणं हातोहात पुढे देण्याची ताकद आपल्याकडे जुनी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी पुण्यातून काम करत जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. १,१०७ गावांतल्या ३,३०२ बायकांकडून सुमारे १ लाख १० हजार ओव्या जमल्या. हे कित्येक वर्षांचं काम, गावोगाव पायपीट करून, वहीत उतरवून, पुढे ध्वनिमुद्रित करून झालेलं. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानं त्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली. एका बाईमागे सरासरी तेहतीस ओव्या पडतात. त्यांपैकी एकीचंही नाव तबकडीवर नव्हतं. ओवी माहेरच्या जात्यावरून लेकीबरोबर सासरी गेली, तिथून जावेकडे, शेजारणीकडे, आणि प्रत्येकीनं तिच्यात आपल्या लेकराचं, आपल्या भावाचं नाव घातलं. स्ट्रीमिंगच्या जगात जवळपास एवढी गाणी रोज येतात. पण तिथं साठलेल्या गाण्यांपैकी जवळपास निम्मी वर्षभरात दहाहून जास्त वेळा वाजत नाहीत, तर त्या प्रत्येक ओवीला निदान घरातली दोन माणसं आणि जात्यासमोर बसलेली दुसरी बाई होतीच.

आज ते काम व्हॉट्सअ‍ॅप करतं. एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येतो. हा नियम अफवा रोखण्यासाठी आधी २०१८ मध्ये भारतात आणि मग जगभर आला. त्या पाचाचाच गुणाकार कागदावर करू. तुम्ही पाच जणांना गाणं पाठवलं, त्यांनी प्रत्येकी पाच जणांना. पाचव्या पायरीला ३,१२५ माणसं होतात. बाराव्या पायरीला २४ कोटी ४१ लाख. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे होते ८ कोटी ३० लाख. म्हणजे कागदावर तरी बारा हातांत गाणं सगळ्या मराठी मुलखाच्या जवळपास तिप्पट लोकांपर्यंत जातं. प्रत्यक्षात साखळी दुसऱ्या-तिसऱ्या हातातच तुटते. नुसती लिंक येते, वर एक शब्द नसतो, कुणी गायलंय हे कळत नाही आणि बोट पुढे सरकतं.

साखळी न तुटल्याची उदाहरणंही समोर आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४ च्या सुरुवातीला आलं, कुठल्या चित्रपटाच्या आधाराशिवाय, आणि दहा कोटींच्या कितीतरी पुढे गेलं. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं काढलं. मराठी शब्दांवर नाचणारी माणसं युरोपातल्या मैफलींत दिसली. संतांचे अभंग गिटार आणि ड्रमसह गाणारा 'अभंग रिपोस्ट' हा चमू, मराठीतून आरेच्या जंगलाबद्दल बोलणारा 'स्वदेसी' या रॅप-चमूचा एमसी मवाली, यांनी कोटींची वाट न पाहता आपला श्रोता एकेक करून जमवला. मला ही दुसरी वाट जास्त टिकाऊ वाटते. कोटींच्या आकड्यांवर भिस्त ठेवू नये, याला आणखी एक कारण आहे. यूट्यूब शॉर्ट्सवर ३१ मार्च २०२५ पासून चित्रफीत सुरू झाली की एक दृश्य मोजलं जातं, किमान किती वेळ पाहावं अशी अटच नाही. बोट सरकता सरकता झालेली दहा लाख दृश्यं आणि तीस माणसांनी शेवटपर्यंत ऐकलेलं गाणं यांची तुलना होऊ शकत नाही.

सातारा जिल्ह्यातच याचा धडा उभा आहे. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनचं 'माणदेशी तरंग' हे सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ पासून ९०.४ वर बोलतंय. अशा केंद्राला सहसा शंभर वॅटच्या आत राहावं लागतं, त्यामुळे आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. तेवढ्या टापूत शेतात खुरपणी करणाऱ्या बाईला आपल्याच बोलीतली ओवी, आपल्याच गावच्या माणसाचा आवाज ऐकू येतो. पोहोच मोजली तर जगाच्या नकाशावर ठिपकासुद्धा उमटत नाही. पण त्या ठिपक्यात गाणाऱ्याला कोण ऐकतंय हे माहीत आहे आणि ऐकणाऱ्याला कोण गातंय हे माहीत आहे.

असा आपल्या टापूतला गाणारा शोधायचा कसा, तेही सांगतो. गावाचं किंवा तालुक्याचं नाव आणि सोबत 'रॅप', 'गोंधळ', 'हलगी', 'मराठी इंडी' असा एखादा शब्द घालून शोधा. एकदा देवनागरीत, एकदा इंग्रजी अक्षरांत, कारण बरेचसे कलाकार नावं इंग्रजी अक्षरांत चढवतात आणि तीही दोन-तीन प्रकारे. सोय असेल तिथं निकाल 'अलीकडचे आधी' असे लावा, नाहीतर यंत्रणा पुन्हा कोटींचीच गाणी पुढे करते. आवडलेल्या गाण्याखालची श्रेयनामावली वाचा. त्यात ताल कुणी दिला, मिक्सिंग कुणी केलं त्यांची नावं असतात, आणि त्या नावांमागे गेलं की आणखी चार गाणारे सापडतात. पालच्या खंडोबाच्या यात्रेत रात्री जागरण करणारी वाघ्या-मुरळीची पार्टी आवडली, तर त्यांना विचारा की तुमचं गाणं मोबाइलवर कुठं मिळेल. खूप जणांचं मिळतं.

या आठवड्यात हजाराच्या खाली वाजलेलं एक मराठी गाणं शोधा. तीस सेकंदांवर न थांबता शेवटपर्यंत ऐका. आवडलं तर ते ज्याला आवडेल अशा एकाच माणसाला पाठवा आणि लिंकच्या वर गाणाऱ्याचं नाव, गाव आणि तुम्हाला काय आवडलं ती एक ओळ स्वतः लिहा.